कॅप किडत नाही, तिच्याखालचा दात किडतो

एका मुलाने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईचं वय ५८, मुक्काम सिन्नरजवळ, मधुमेह आहे. खालच्या जबड्यातली डावीकडची पहिली दाढ ४ वर्षांपूर्वी काढली. तिच्या मागच्या दाढेचं दीड वर्षापूर्वी रूट कॅनॉल झालं, पण कॅप बसवायची राहून गेली. गेल्या महिन्यात शेंगदाणे खाताना त्या दाढेचा जिभेकडचा तुकडा उडाला. नाशिकला दोन डॉक्टरांना दाखवलं. एकांनी तीन दातांचा ब्रिज सांगितला, दुसऱ्यांनी मधल्या जागेत इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) आणि मागच्या दाढेला वेगळी कॅप. आईचं म्हणणं, "माझा चांगला दात मी घासून बारीक करू देणार नाही." मुलाला विचारायचंय की दोघांतलं बरोबर कोण, कॅप मेटलची घ्यावी की झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या सिरॅमिकची, ती किती टिकेल आणि काहीच केलं नाही तर काय होईल.

मी नाशिकमध्ये २६ वर्षं कॅप, ब्रिज आणि कवळ्यांचंच काम करते. तोंडात न बघता उपचार सांगणं म्हणजे पत्रिका बघून ताप उतरवण्यासारखं आहे, त्यामुळे "हेच करा" असं इथून सांगणार नाही. पण दोन डॉक्टरांपैकी एक जण फसवतोय असं मात्र धरून चालू नका. दोघंही बरोबर असू शकतात, कारण सगळा निर्णय ज्या दातावर अडलाय त्याच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलंच नाही. रिकाम्या जागेच्या पुढची उपदाढ, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधला लहान दात, कशी आहे? कोरी करकरीत आहे, तिच्यात जुनी चांदी भरलेली आहे, की फटीतून तीही किडायला लागलीय? आई ज्याला "माझा चांगला दात" म्हणते तो हाच. तो खरोखर चांगला असेल तर माझं उत्तर एक, नसेल तर दुसरं.

आधी ब्रिजचा हिशेब बघू. तीन दातांचा ब्रिज म्हणजे एकमेकींना जोडलेल्या तीन कॅप. दोन टोकांच्या कॅप खऱ्या दातांवर बसतात, मधली नुसती लटकते. तिच्याखाली मूळ नाही, हिरडी आहे. म्हणजे तीन दातांचं चावणं दोन दातांच्या मुळांनी सोसायचं. किती सोसतील याचा एक जुना ठोकताळा १९२६ साली अँटे या दंतवैद्यांनी मांडला: आधाराच्या दातांची मुळं हाडात जेवढी रुतलेली असतात, ते क्षेत्रफळ निदान गेलेल्या दातांच्या मुळांएवढं तरी हवं. आज कोणी त्याला काळ्या दगडावरची रेघ मानत नाही, पण एक्स-रे बघताना माझ्या मनात तोच हिशेब आपोआप चालतो. तुमच्या आईच्या बाबतीत पहिली दाढ गेलीय, तिची मुळं मोठी. आधाराला मागे दुसरी दाढ, पुढे एका मुळाची उपदाढ. दोघींची बेरीज कागदावर जमते. आता त्या मुळांभोवती हाड शाबूत आहे की हिरड्यांच्या आजाराने अर्धं खाली गेलंय, हे कागद सांगत नाही.

दुसरी गोष्ट लांबीची. मधे एकाऐवजी दोन दात लटकत असतील तर ब्रिजचं वाकणं दुप्पट होत नाही, आठपट होतं. तीन असतील तर २७ पट. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहूनही आले होते, तरी शिकले ते एका पेशंटकडून.

प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आले. खालच्या दोन मोठ्या दाढा गेलेल्या, मागे अक्कलदाढ उभी, पुढे उपदाढ. द्राक्षाचा हंगाम तोंडावर, त्यांना घाई, आणि मला नवा उत्साह. अक्कलदाढ आणि उपदाढ धरून चार दातांचा ब्रिज ठोकून दिला. दिसायला झकास होता. पाच वर्षांनी आले ते म्हणाले, "मॅडम, ब्रिज एकदम पक्का आहे, फक्त तोंडाला वास येतो." मी ब्रिजवर बोट ठेवून वर-खाली दाबलं, तर पुढच्या कॅपच्या कडेला लाळेचे बारीक बुडबुडे आले. काय झालं होतं ते तेवढ्यातच कळलं. ब्रिज चावताना वाकून वाकून पुढच्या कॅपखालचं सिमेंट सुटलं होतं, मागची कॅप मात्र घट्ट. त्यामुळे ब्रिज हलत नव्हता, पेशंटला काही जाणवत नव्हतं, आणि पुढच्या कॅपच्या आत वर्ष-दीड वर्ष अन्नाचं पाणी मुरत होतं. ब्रिज कापून काढला, तर उपदाढेचा खुंट काळा पडून ओल्या लाकडासारखा झालेला. मला शब्द सापडेना. बागायतदारच म्हणाले, "मांडवाचा कडेचा खांब आतून सडला की तारा कितीही ताणा, ओळ खाली येतेच."

तेव्हापासून माझ्याकडे ब्रिजचा पेशंट सहा महिन्यांनी आला की मी आधी त्यावर बोट दाबून कडेला बुडबुडे येतात का ते बघते, मग एक्स-रे. तुमच्या आईचा ब्रिज झालाच, तर तुमच्या डॉक्टरांनाही हे करायला सांगा. दहा सेकंदांचं काम आहे.

आता मागची दाढ. रूट कॅनॉल झालं, ठणका थांबला, पेशंट गायब, हे रोजचंच आहे. दोष एकट्या पेशंटचा नसतो. रूट कॅनॉलचे पैसे आणि कॅपचे पैसे वेगळे, आणि कॅप ही हौसेची गोष्ट आहे असा समज होतो. दाढेच्या बाबतीत तसं नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की रूट कॅनॉलनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांपेक्षा सहापट वेगाने गमावले जातात. कारण सरळ आहे. किडीने मधला गाभा आधीच खाल्लेला असतो, रूट कॅनॉलसाठी वरून भोक पाडावं लागतं, उरतात उभ्या चार पातळ भिंती. घास चावताना समोरच्या दाढेचा उंचवटा त्या भिंतींच्या मधे पाचरीसारखा घुसतो. लाकूड फोडताना पाचर काय करते ते सांगायला नको. तुमच्या आईची जिभेकडची भिंत तशीच गेलीय.

तुकडा कुठपर्यंत गेलाय यावर त्या दाढेचं भविष्य आहे. मुसळाच्या टोकाला लोखंडी कडं ठोकलेलं असतं, त्यामुळे मुसळ चिरत नाही. कॅपही तेच काम करते, पण कडं नुसत्या भरावावर बसवून उपयोग नाही, त्याने खरं लाकूड कवटाळायला हवं. आमच्या भाषेत, हिरडीच्या वर चहूबाजूंनी निदान दीड ते दोन मिलिमीटर खरा दात हवा. तेवढा असेल तर दाढ वाचते. एका बाजूला कमी असेल तर हिरडी थोडी खाली घेऊन दात उघडा करता येतो. तडा मुळात हाडापर्यंत उतरला असेल तर मात्र ती दाढ काढावीच लागते, आणि मग पूर्ण गणितच बदलतं. कोणी "पोस्ट टाकून दात मजबूत करू" म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा की मुळात बसवलेली ती काडी वरचा भराव धरून ठेवते. मुळाला तिने ताकद येत नाही, उलट जाड पोस्टसाठी मूळ जास्त कोरलं तर ते चिरायची भीती वाढते.

हे सगळं धरून माझा कल सांगते. पुढची उपदाढ कोरी असेल, साखर आटोक्यात असेल आणि हाड पुरेसं असेल, तर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने. इम्प्लांट वेगळा, मागच्या दाढेची कॅप वेगळी. एकाला काही झालं तर दुसरं त्याच्यासोबत जात नाही. उपदाढेत मोठी चांदी असेल किंवा कीड असेल, म्हणजे तिला आज ना उद्या कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा सरळ आणि प्रामाणिक उपाय आहे. पहिल्या डॉक्टरांनी बहुधा तेच पाहिलं असेल. मागच्या दाढेत दोन मिलिमीटर दात उरला नसेल, तर तिच्यावर एकटी कॅप एकवेळ बसवून बघेन, पण ब्रिजचा खांब म्हणून तिला उभं करणार नाही. रूट कॅनॉल झालेला, अर्धा तुटलेला, ओळीतला शेवटचा दात हा ब्रिजचा सगळ्यात कच्चा आधार असतो.

आईची भीती अगदीच अनाठायी नाही. मराठीत ब्रशने दात घासतात तेही घासणं आणि कॅपसाठी दात कापतात तेही घासणं, त्यामुळे पेशंटला वाटतं वरवर जरा गुळगुळीत करतील. तसं नसतं. चावायच्या बाजूने मेटल सिरॅमिक कॅपसाठी (आत धातू, वर दातासारखा थर) दीड ते दोन मिलिमीटर, झिरकोनियासाठी एक ते दीड, आणि कडेने सगळीकडून मिलिमीटरभर किंवा थोडं जास्त दात जातो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पूर्ण कॅपसाठी तयार केलेल्या दाताचा हिरडीवरचा भाग वजनाने मोजला तर जवळपास दोन तृतीयांश गेलेला असतो. इनॅमल परत येत नाही. जिवंत दातावर एवढं काम केलं की त्यातल्या काही दातांची नस पुढे काही वर्षांत दगावते आणि कॅपला भोक पाडून रूट कॅनॉल करावं लागतं. म्हणून कोऱ्या दाताला हात लावण्याआधी दहादा विचार करायला हवा, इथे आई बरोबर आहे. मात्र हीच भीती दाखवून "मग आधीच रूट कॅनॉल करून टाकू, पुढे त्रास नको" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. दात फारच कललेला किंवा वर आलेला नसेल तर निरोगी नस मारण्याचं कारण मला दिसत नाही.

इम्प्लांटचं वेड सध्या फार आहे, त्याबद्दल थोडं सबुरीने. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसतो आणि हाड त्याला घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांनी दाखवलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर असे इम्प्लांट बसवले. तंत्र पक्कं आहे, पण तोंड प्रत्येकाचं वेगळं. तुमच्या आईच्या बाबतीत मी आधी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट बघेन, म्हणजे एचबीएवनसी. सातच्या आसपास असेल तर पुढे जाते, आठच्या वर असेल तर थांबते आणि त्यांच्या फिजिशियनकडे पाठवते. दुसरं, हाडं ठिसूळ झाल्याची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्या घेतात का? बायका ही गोळी दातांच्या डॉक्टरला सांगत नाहीत, त्यांना वाटतं गुडघ्याच्या गोळीचा आणि दाताचा काय संबंध. संबंध आहे. जबड्याच्या हाडावर शस्त्रक्रिया करण्याआधी ते कळायलाच हवं. रक्त पातळ करायची गोळी असेल तर तीही सांगा, पण परस्पर बंद करू नका.

तिसरं विचारताना मला आजही शब्द जपून वापरावे लागतात. मिश्री. सिन्नर, निफाड, येवल्याकडच्या कितीतरी आया-मावश्या सकाळी मिश्री लावतात आणि तिला तंबाखू समजत नाहीत. विचारलं तर "आमचं काही व्यसन नाही" म्हणतात, आणि हिरडी बघितली की सगळं कळतं. मिश्रीने हिरडी आकसते, हाड खाली जातं, आणि ब्रिज काय, इम्प्लांट काय, दोन्हींचा पाया ढासळतो. मुलासमोर नसेल सांगायचं तर डॉक्टरला एकट्याने सांगू दे.

दाढ काढून ४ वर्षं झालीत, म्हणजे तिथल्या हाडाची रुंदी कमी झालेली असणार. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस दाढांच्या खालून जाते, तिच्यापासून अंतर राखावं लागतं. त्यामुळे साध्या एक्स-रेवर विसंबू नये, सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढावा. इम्प्लांट बसवल्यावर खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने थांबून मग वर कॅप. ब्रिज दोन-तीन आठवड्यांत होतो. सिन्नरहून ३० किलोमीटर किती खेपा जमतील, तोही विचार करा. इम्प्लांट किडत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो आणि हाड जातं. मधुमेहात तर विशेष.

आता मेटल की झिरकोनिया. खरं सांगायचं तर पेशंट देतो तेवढं महत्त्व या प्रश्नाला नाही. नुसत्या मेटलची कॅप दाढेसाठी उत्तम, दात कमी कापावा लागतो, कधी फुटत नाही. पण हसताना चमकते म्हणून आता कोणी घेत नाही. मेटल सिरॅमिक म्हणजे आत धातूची वाटी आणि वर दातासारखा थर. स्वस्त आणि पारखलेली, तिने आपल्याकडे अनेक दशकं काम दिलंय. तोटे दोन: वरचा थर कधीकधी टवका उडून निघतो, आणि हिरडी खाली गेली की कडेला काळी रेघ दिसते. आईला खोट्या दागिन्यांनी कानाला खाज सुटत असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा. स्वस्त मेटलमध्ये निकेल असतं, तेव्हा निकेल नसलेला धातू मागता येतो.

झिरकोनिया हा पांढरा, फार कठीण सिरॅमिक. त्याचा ठोकळा मशिनवर कोरतात, तोही मुद्दाम मोठा, कारण साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तो पाचव्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त आकसतो. आईच्या दाढेला मी अखंड झिरकोनिया देईन, वर पोर्सिलिनचा वेगळा थर नसलेला, म्हणजे टवका उडायचा प्रश्न नाही. पुढच्या दातांना, जिथे खऱ्या दातासारखी किंचित पारदर्शक झाक हवी, तिथे लिथियम डायसिलिकेट नावाचं काचेसारखं सिरॅमिक जास्त शोभतं. आईला त्याची गरज नाही.

झिरकोनियाबरोबर वॉरंटी कार्ड मिळतं, ५ वर्षं, १० वर्षं, १५ वर्षं. लोक ते घराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवतात. एकदा नीट वाचा. वॉरंटी कॅप फुटण्याची असते, आणि झिरकोनिया तसाही सहसा फुटत नाही. आमच्याकडे कॅप परत येतात त्या आतला दात किडल्यामुळे किंवा हिरडी गेल्यामुळे, आणि त्याची वॉरंटी कार्डावर नसते. झिरकोनियाची असो नाहीतर मेटलची, कॅप कधीच किडत नाही. कॅप आणि दात जिथे भेटतात ती कड किडते.

म्हणून त्या कडेकडे लक्ष द्या, हे माझं कळकळीचं सांगणं. दात कापून झाल्यावर डॉक्टर हिरडीच्या फटीत बारीक दोरा बसवतात. पेशंटला ते नकोसं वाटतं, पण त्या दोऱ्यानेच हिरडी बाजूला होऊन कड मापात उमटते. मग दोन प्रकारच्या रबरी मटेरियलने माप घेतात, किंवा हल्ली कॅमेऱ्याने स्कॅन करतात. हिरडीतून रक्त येत असेल तर दोन्हींतही कड नीट येत नाही. म्हणूनच आधी दात साफ करून हिरडी बरी करायची, मगच माप. "आज रक्त येतंय, पुढच्या आठवड्यात माप घेऊ" असं डॉक्टर म्हणाले तर खेप वाया गेली म्हणून चिडू नका, चांगल्या माणसाकडे आलात असं समजा.

मधल्या दिवसांत तात्पुरती कॅप हवीच. ती नसेल तर जिवंत दात शिवशिवतो, आणि शेजारचे दात आठवडाभरात हलकेच सरकून नवी कॅप बसेनाशी होते. तात्पुरती कॅप निघाली तर फोन करा. एका गृहस्थांनी ती फेविक्विकने चिकटवली होती. ती काढायला मला तीन पक्क्या कॅपएवढी मेहनत पडली.

ट्रायलला आलात की तीन गोष्टी स्वतः तपासा. जीभ कडेवर फिरवा, पायरी लागता कामा नये. शेजारच्या दाताच्या फटीतून फ्लॉसचा दोरा अडखळत पण न तुटता जायला हवा. सहज सटकत असेल तर तिथे पालकाची काडी रोज अडकणार. आणि दात मिटल्यावर ती कॅप आधी टेकते असं वाटलं तर लगेच बोला. "सवय होईल" हे उत्तर घेऊ नका. रंग मात्र दिवसाउजेडी निवडा, क्लिनिकमधल्या दिव्याखाली नको. दात कोरडे पडले की पांढरे दिसतात, म्हणून रंग कामाच्या सुरुवातीला बघायचा. ब्रिज असेल तर मधल्या खोट्या दाताची खालची बाजू फुगीर आणि गुळगुळीत आहे का ते विचारा. हिरडीवर खोगिरासारखी बसणारी असेल तर तिच्याखाली साफ करायला वावच राहत नाही.

किती टिकेल? जगभरच्या अनेक अभ्यासांची बेरीज केली तर नेहमीच्या ब्रिजपैकी दहात सुमारे नऊ १० वर्षांनंतर तोंडात असतात. इम्प्लांटवरच्या एकट्या कॅपचाही आकडा जवळपास तसाच येतो, त्यामुळे "ब्रिज जुना झाला, इम्प्लांट कायमचा" ही जाहिरातीची भाषा आहे. हे सरासरीचे आकडे, त्यात मधुमेह आणि रूट कॅनॉलचा तुटका खांब मिळवला की ते खाली येतात. माझ्याकडे २२ वर्षं चाललेला मेटल सिरॅमिकचा ब्रिज आहे, देवळालीच्या एका आजोबांचा. आणि दोन वर्षांत गेलेला झिरकोनियाही मी पाहिलाय. आजोबा रोज रात्री ब्रिजखालून दोरा घालतात, न चुकता.

काहीच नाही केलं तर? शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, वरची दाढ आधार नसल्याने खाली उतरते. हे मुख्यत्वे पहिल्या काही वर्षांत होतं, आणि तुमची ४ वर्षं गेलीत. म्हणजे जे व्हायचं त्यातलं बरंच होऊन गेलेलं असेल. मागची दाढ पुढे फार कलली असेल, साधारण २५ अंशांच्या वर, तर ब्रिज अवघड होतो हेही त्या पहिल्या डॉक्टरांना विचारा. एका दाढेच्या रिकाम्या जागेने जीव जात नाही. उजवीकडून नीट चावता येत असेल आणि पैशाची अडचण असेल, तर मधली जागा सहा महिने, वर्षभर रिकामी राहू द्या, मी रागावणार नाही. मागच्या तुटक्या दाढेची कॅप मात्र थांबवू नका. तिची उरलेली भिंत कधीही जाईल, आणि एका दाढेचा प्रश्न दोन दाढांचा होईल. सगळ्यात आधी तेवढं उरका.

पैशाचं सांगायचं तर ब्रिजचा दर युनिटवर असतो, तीन दातांचा ब्रिज म्हणजे तीन कॅपचे पैसे, मधल्या लटकत्या दाताचेही. झिरकोनिया साधारणपणे मेटल सिरॅमिकच्या दुप्पट ते तिप्पट पडतो. त्यामुळे झिरकोनियाचा तीन दातांचा ब्रिज आणि एक इम्प्लांट यांचा खर्च बरेचदा फार लांब नसतो. दोन्हींचं लेखी अंदाजपत्रक मागा. परवडत नसेल तर पंचवटीतल्या के.बी.एच. दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांच्या विभागात दाखवा. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या नजरेखाली काम करतात, दर कमी, खेपा जास्त. मी स्वतः पेशंट पाठवते. जत्रेत आणि आठवडे बाजारात "एका तासात फिक्स दात" लावणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. ते शेजारच्या दातांना तारेने बांधून वर ॲक्रिलिक थापतात, खाली हिरडी सडते आणि सोबत शेजारचे दोन चांगले दातही जातात. कायद्यानुसार नोंदणी नसताना हा व्यवसाय करता येत नाही, तरी सणासुदीला त्यांच्यासमोर गर्दी असते.

कॅप बसल्यावरचं काम आईचं. ब्रश कडेवर, हिरडीकडे झुकवून. ब्रिज असेल तर त्याच्याखालून घालायचा कडक टोकाचा दोरा मिळतो, किंवा फटीत जाणारा बाटली धुवायच्या ब्रशसारखा छोटा ब्रश. ५८ व्या वर्षी दोऱ्यापेक्षा हा ब्रश हाताला लवकर बसतो. आरशासमोर डॉक्टरकडेच दोनदा करून बघायला लावा. घरी गेल्यावर विसरतात.

बसवल्याच्या दिवशी संध्याकाळी मऊ भात, आमटी. भाकरी दुसऱ्या दिवसापासून चालेल, ठेच्यासकट. गुडदाणी आणि अख्ख्या सुपारीला कायमची सुट्टी. आणि सिन्नरकडची माणसं ऊस दातांनीच सोलतात हे मला माहीत आहे, तेव्हा आईला करवे करून द्या, आणि तेही उजवीकडून चावायला सांगा.